दहा मार्चची मुदत

हारो, इलोइलो, फिलिपिन्स
२२ नोव्हेंबर २०१५

एमेलिन,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत इंग्रजीच्या तीन चुका आहेत. लाल पेनाने खुणा करून ते परत पाठवणार होते, पण मग तू म्हणाली असतीस की नानायने उत्तर दिलं नाही, नुसते गुण दिले.

हे फोनवर बोलता येत नाही. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तुझी याना माझ्या मांडीला चिकटून बसलेली असते आणि तिचे कान माझ्यासारखे आहेत. तेव्हा फोनवर आपण जेवण आणि हवा एवढंच बोलू. भांडण कागदावर.

तू लिहितेस, "नानाय, ठरलं होतं. ती पहिलीत जाईपर्यंतच." ठरलं होतं, मी नाकारत नाही. पण ती जूनपासून पहिलीत आहे. ज्या शाळेत तू शिकलीस आणि मी छत्तीस वर्षं शिकवलं, त्याच शाळेत. तिकडे शाळा एप्रिलमध्ये सुरू होते म्हणून तिने पुन्हा पहिलीत बसायचं, तेही जिचं एक अक्षर कळत नाही अशा भाषेत? हुशार पोरीला ढ करण्याचा याहून सोपा मार्ग मला सुचला नसता.

पावणेचार वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तू आणि रोडेल दोन बॅगा घेऊन जपानला इंग्रजी शिकवायला गेलात आणि पावणेतीन वर्षांची पोर माझ्या कडेवर राहिली. इंग्रजी शिकवायला! मी तुला बारा वर्षं व्याकरण घोटवलं ते कशासाठी? माझी लेक चार शाळांमधून सायकल मारत फिरते, वर्गात उभी राहून "ॲपल" म्हणते, पोरं "ॲपल" म्हणतात आणि खरी बाई बाजूला उभी राहून कधी थांबायचं ते हाताने सांगते. आमच्या वेळी याला टेपरेकॉर्डर म्हणत. त्याला व्हिसा लागत नसे.

हे मी तेव्हाही बोलले होते, आणि तू म्हणालीस की त्या रागानेच मी विमानतळावर आले नाही. तसं काही नव्हतं. मला पेपर तपासायचे होते. वार्षिक परीक्षा होती.

आता त्या दाखल्याबद्दल. तू लिहितेस की यानासाठी अर्ज केलाय, डिसेंबरात पात्रतेचा दाखला निघेल, तू तो मला पाठवशील, तो मूळ कागदच व्हिसासाठी द्यावा लागतो आणि निघाल्यापासून तीन महिन्यांत वापरला नाही तर रद्द होतो. मग सगळं पहिल्यापासून. समजलं. मला वाचता येतं.

सोबतचा मापांचा कागदही वाचला. वह्यांची पिशवी इतके सेंटीमीटर, बुटांची पिशवी तीस बाय वीस, घरी शिवलेली असावी, गणिताच्या प्रत्येक काडीवर मुलीचं नाव. शाळा आहे की शिंप्याचं दुकान? तू म्हणतेस लाल दप्तर आत्ताच घेऊन ठेवलंय, खोलीत समोरच असतं. ठेव. दप्तराला भूक लागत नाही.

पुरिफिकासियोन गायेगो
(तुझी आई, आठवत असेल तर)


२० डिसेंबर २०१५

एमेलिन,

आज फोनवर सांगितलं तेच लिहून देते: काहीही आलेलं नाही.

तू म्हणतेस दाखला दहा तारखेला निघाला आणि लगेच रजिस्टर टपालाने टाकलास. टाकला असशील. नाताळचे दिवस आहेत. टपाल कचेरीत जगभरच्या आयाबायांनी पाठवलेल्या चॉकलेटांचे ढीग लागलेत, त्यात तुझं पाकीट कुठे दडपलं असेल कोण जाणे. पोस्टमन शुक्रवारी येऊन गेला, अकराच्या सुमाराला. कॉफी प्यायला. सणाचं म्हणून. दुसरं काही नाही.

शेजारच्या मनांग इसिंगने तुला काही कळवलं तर मनावर घेऊ नकोस. तिला मोतीबिंदू झालाय. परवा चर्चबाहेर फादर उभे होते, त्यांना तिने विचारलं, "बाजारापर्यंत किती घेणार?"

याना बरी आहे. सोळा तारखेपासून चर्चमधल्या पहाटेच्या मिसेला येते, नाताळापर्यंतचे नऊ दिवस. चारला उठवावं लागत नाही, स्वतः उठते. नऊच्या नऊ पहाटा चुकवल्या नाहीत तर मागितलेलं मिळतं, असं तिला इसिंगने सांगून ठेवलंय. काय मागितलंस विचारलं तर म्हणते, "सांगितलं तर फुकट जातं, लोला." ही असली धर्मविद्या नन्सनी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही. मिसेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर गरम भाताचा जांभळा केक खाते आणि घरी येईपर्यंत माझ्या शालीला तोंड पुसते.

एक विचारते. तिला तिथे असं पहाटे कोण नेणार? तुमच्या त्या तोयामात चर्च किती लांब आहे म्हणालीस? दोन गाड्या बदलून?

पु. गायेगो


३ जानेवारी २०१६

एमेलिन,

आज तू चौथ्यांदा विचारलंस. तू विचारलेलं आणि मी म्हटलेलं दोन्ही इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी शब्द फिरवायला नको.

"नानाय, आलं का?"

"नाही."

"पाकिटावर नंबर असतो गं. कॉम्प्युटरवर घातला की दिसतं ते कुठवर पोचलं."

"मग तुझ्या कॉम्प्युटरलाच विचार. मला कशाला विचारतेस?"

आणि मी फोन यानाच्या हातात दिला. उद्धटपणा झाला असेल तर असो.

आता रोडेल.

हो, मला माहीत आहे. जूनपासून माहीत आहे. मोलोच्या चर्चबाहेर त्याची आत्या भेटली आणि अगदी आनंदाने सांगत होती, "आमचा रोडेल आता जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात आहे. अख्ख्या रांगेत सगळ्यांत भरभर भात भरतो म्हणे!" मी म्हटलं, वा. घरी आले आणि चहा तसाच गार झाला.

मार्चमध्ये त्याचा करार संपला आणि कंपनीने पुढे केला नाही. का, तेही आत्याने सांगितलं. कुठल्याशा शाळेने कळवलं होतं की पुस्तकातल्या चित्रात असतो तसा दिसणारा शिक्षक पाठवा. म्हणजे पिवळ्या केसांचा.

एमेलिन, रोडेलचं इंग्रजी कच्चं आहे. तुझ्या लग्नाच्या दिवशी त्याने केलेल्या भाषणात मी सात चुका मोजल्या, भर मांडवात, हातात केकचा तुकडा घेऊन. त्याला काढायचं असेल तर त्या सात चुकांसाठी काढा. मी सही देते. पण तोंडाकडे बघून? त्या मुख्याध्यापकाचा पत्ता कळव. त्याला अशा इंग्रजीत पत्र लिहीन की अर्थ लावायला त्याला पिवळ्या केसांचाच माणूस शोधावा लागेल.

पण माझा राग तुझ्यावर आहे. तू मला सांगितलं नाहीस. जून, जुलै, ऑगस्ट, दर रविवारी फोन, आणि दर रविवारी "रोडेल बरा आहे, शाळेत गर्दी आहे." रविवारी कसली शाळेत गर्दी?

माझी रीत तुला माहीत आहे. कॉपी करणाऱ्या मुलीला मी कधी पकडलं नाही. तिच्या बाकावर एक कोरा कागद ठेवायचे आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे, पाठ फिरवून. विचारायचं नाही, बोलायचं नाही. पाच मिनिटांत ती स्वतःहून उठून यायची. चौथीत तूही आली होतीस, रडत, भूगोलाच्या पेपराला. तुझ्याही बाकावर मी जूनपासून कोरा कागद ठेवला होता. सात महिने खिडकीशी उभी आहे. तू उठली नाहीस.

आणि असल्या घरात मी पोर पाठवायची? बाप डबे भरतो, आईची नोकरी वर्षा-वर्षाच्या करारावर, आणि खरं काय ते मला मोलोच्या चर्चबाहेर कळणार. दाखला आलेला नाही हे एक बरंच झालं म्हणायचं.

पु. गायेगो


११ जानेवारी २०१६

एमेलिन,

काल तू विचारलं नाहीस.

फोन आला तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं. "टपाल कचेरीत जाऊन तक्रार करते" असं म्हणणार होते. वाक्य चांगलं होतं. तू विचारलंस यानाने काय खाल्लं. मी म्हटलं तुरीचे दाणे घालून डुकराचं मटण आणि फणस. तू विचारलंस तिचा दात पडला का. मी म्हटलं हलतोय. मग तू म्हणालीस, "बरं नानाय, काळजी घे." आणि ठेवलास.

रोडेलबद्दलचं माझं पत्र अजून तुला मिळालेलं नसणार, त्याला दहा दिवस लागतात. तेव्हा तू त्या रागाने गप्प बसली नव्हतीस. मग कशाने?

तो नंबर घातलास का कॉम्प्युटरवर? त्यात काय दिसतं? नुसतं गाव दिसतं की सहीसुद्धा दिसते? मी सहज विचारते. इसिंगचा भाचा म्हणतो सहीसुद्धा दिसते, पण तो काहीही बोलतो.

हल्ली मला झोप लागत नाही. वय झालं.

शनिवारी बाळयेशूच्या मूर्तीचे कपडे बदलायचे आहेत, रविवारी त्याचा सण. नवा झगा शिवून घेतलाय, हिरवा. इसिंग म्हणते, "पुरिंग, हिरवा कशाला? लाल असतो त्याचा." मी म्हटलं, त्याने मला कधी सांगितलं नाही.

मी यानाला म्हणाले, यंदा कपडे मी बदलते, तू शेजारी खेळायला जा. ती म्हणाली, "पण लोला, ते तर घरातली सगळ्यांत लहान मुलगी करते." हा नियम माझ्या आजीचा. मी केलं, तू केलंस, आता ती करते. तिचं म्हणणं बरोबर आहे. मी म्हटलं, बघू.

पु.


१७ जानेवारी २०१६, रविवार

इंदाय,

तुझ्या लहानपणीच्या नावानेच हाक मारते आज. मघाशी फोनवर मी म्हणाले, "दाखला आलाय," आणि तू फक्त म्हणालीस, "बरं, नानाय." कधी आला विचारलं नाहीस. तेव्हा मला कळलं की तुला सगळं माहीत आहे. इसिंगच्या भाच्याचं बरोबर होतं.

म्हणून आता लिहिते. माफी मागायला मला कुणी शिकवलं नाही. नन्सनी फक्त कबुली शिकवली, ती देते.

पाकीट शुक्रवारी अठरा डिसेंबरला आलं, अकरा वाजता. सही मी केली. पोस्टमनला कॉफी दिली ती त्याने लवकर जावं म्हणून, पण तो दोन कप प्यायला. कुंपणापलीकडून इसिंग ओरडली, "पुरिंग, जाड पाकीट कसलं गं?"

"विजेचं बिल."

"हल्ली वीज जपानहून येते वाटतं!"

तिला मोतीबिंदू नाही. फादरांची गोष्टही माझीच.

पाकीट मी फोडलं. आत तो एकच कागद, यानाचा फोटो लावलेला. जाळणार नव्हते, एवढं तरी मान. फाडणारही नव्हते. मला फक्त दहा मार्च उलटायला हवा होता. तू पुन्हा अर्ज करशील, त्याला महिने लागतील, तोवर एप्रिल जाईल, ती इथे दुसरीत जाईल, आणि मग कोण हलवतं. इतका साधा हिशोब. कागदाची घडी घातली आणि बाळयेशूच्या झग्याखाली, चौथऱ्याच्या फटीत सरकवली. कपाटात ठेवला असता तर रोज उघडून वाचला असता.

काल सकाळी मी स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. मी जायच्या आत यानाने मूर्ती खाली घेतली होती. मला तिची हाक ऐकू आली. हाक नव्हे, किंकाळी.

"लोला! लोला, ये ना! त्याने आणला!"

जमिनीवर बसली होती. मांडीत उघडाबोडका बाळयेशू आणि हातात तो कागद. एक एक अक्षर लावून वाचत होती, मी शिकवलं तसं, बोट फिरवून. आपलं नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. मग वर बघितलं.

"मी हेच मागितलं होतं. नऊच्या नऊ पहाटा. आई दर रविवारी विचारते ना, आलं का, आलं का, आणि मग तिचा आवाज कसातरी होतो. म्हणून मी मागितलं की कागद येऊ दे. आणि त्याने आणला, लोला, आपल्याच घरात आणून ठेवला!"

इंदाय, एवढं सोपं होतं. मला काही बोलायचीच गरज नव्हती. नुसते हात जोडले असते तर माझं पाप चमत्कार झालं असतं. संध्याकाळपर्यंत इसिंगने अख्ख्या गल्लीला सांगितलं असतं, पुढच्या वर्षी आमच्या दारात मेणबत्त्या लागल्या असत्या.

मी जमिनीवर बसले. माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही, पण बसले.

"त्याने नाही आणला. पोस्टमनने आणला. मी तिथे लपवला."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

मला वाटलं आता रडेल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, जवळ घेता आलं असतं. ती मूर्तीला नवा झगा चढवायला लागली. एक बाही, मग दुसरी. गळ्याची गाठ बांधली. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पण लोला, त्याचे कपडे तर मीच बदलते. तुला माहीत होतं."

मला माहीत होतं. या घरात पासष्ट वर्षं दर जानेवारीत त्या झग्याखाली कुणा ना कुणा मुलीचा हात जातो. घराला सतरा जागा आहेत, छतापासून तांदळाच्या डब्यापर्यंत. मी नेमकी तीच का निवडली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू शोधू नकोस.

एक मात्र तुला द्यायला हवं. कोरा कागद तू चांगला ठेवलास. मागच्या रविवारी. पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिलीस आणि मी उठून आले. तुझ्यापेक्षा लवकर आले, एवढं मात्र लक्षात ठेव.

उद्या पासपोर्ट आणि दाखला घेऊन एजन्सीत जाते. ट्रॅव्हल एजन्सीच्या पोरीने विचारलंय, मूल कुणाबरोबर जाणार. रोडेलच्या कुणा चुलतभावाबरोबर मी पाठवणार नाही. तू ये. स्वतः ये आणि माझ्या हातातून ने. दहा मार्चच्या आत.

नानाय


२८ फेब्रुवारी २०१६

इंदाय,

व्हिसा लागला. पासपोर्ट माझ्या उशीखाली आहे. झग्याखाली नाही.

तू पाच तारखेला येतेस आणि आठला दोघी जाता, हे रोडेलने फोनवर सांगितलं. माझ्याशी बोलताना त्याला घाम फुटतो हे मला इथे ऐकू येतं. त्याने डब्यांचं स्वतःहून सांगितलं. "ममा, मी आता शिक्षक नाही, मी भात भरतो." वाक्यात एकही चूक नव्हती. मी त्याला तसं सांगितलं. मग त्याने सांगितलं की गणिताच्या काड्या आल्या आहेत, शंभर काड्या आणि चिमुकली नाणी आणि घड्याळाचे काटे, आणि रोज कामावरून आल्यावर तो जमिनीवर बसून एकेकावर यानाचं नाव चिकटवतो. काड्या तुमच्या लाल दप्तरात भरून ठेवतो म्हणाला. फोन ठेवून मी लगेच पिशव्या शिवायला घेतल्या. हे तू त्याला सांगू नकोस.

यानाचा दात पडला. डबीत ठेवलाय. तिने परवा विचारलं, "लोला, पुढच्या जानेवारीत त्याचे कपडे कोण बदलणार?"

"नियम माहीत आहे ना? घरातली सगळ्यांत लहान मुलगी."

तिने इकडेतिकडे बघितलं, बोटं मोजली आणि खो खो हसत सुटली. "म्हणजे तू!"

तिला ते फार मजेशीर वाटलं. दिवसभर मला "ए मुली" म्हणत होती. कुंपणापलीकडून इसिंगही म्हणायला लागली. "ए मुली, मीठ आहे का गं?" तिला मी दिलं नाही.

पिशव्या शिवून झाल्या. बाजारातलं कापड मला पसंत पडलं नाही. माझ्या शिक्षिकेच्या गणवेशाचे दोन निळे स्कर्ट पडून होते, छत्तीस वर्षांत एकाचाही रंग गेला नाही, ते उसवले. इसिंग म्हणाली बाळयेशूचा जुना लाल मखमली झगा आहे, तो घे, छान दिसेल. मी म्हटलं, देवाच्या झग्यात बूट घालतात का? नाव मी पांढऱ्या दोऱ्याने भरलंय, ठळक इंग्रजी अक्षरांत. एखादं अक्षर खालच्या ओळीला टेकलेलं नाही असं दिसलं तर चष्म्याचा दोष.

वह्यांची पिशवी तुमच्या मापाची आहे, पट्टी लावून बघ. बुटांची तीस बाय वीस हवी होती, ती एकतीस बाय एकवीस झालीय. चूक नाही. तिथल्या शाळेच्या बाईंनी काही म्हटलं तर सांग, मुलीच्या आजीने शिवली आहे आणि मुलगी वाढणार आहे.

तिला तिथे कुणी नुसतं ऐकायला लावून तेच परत म्हणायला सांगितलं तर तिला म्हणू दे. पण घरी तिच्याशी पूर्ण वाक्यात बोल. आणि आपल्या भाषेतही बोल. मला शाळेत आपल्या भाषेतल्या एका शब्दाला एक छडी मिळायची, म्हणून मी तुझ्याशी घरातही इंग्रजीच बोलले. ते माझ्या कबुलीत राहून गेलं होतं.

पाच तारखेला मी विमानतळावर येते, तुला घ्यायला. आठ तारखेलाही येईन. तू म्हणशील, नानाय, कशाला त्रास. त्रास कसला. मी निवृत्त झालेय. तपासायला पेपर नाहीत.

तुझी नानाय